सरावलेलं रक्त

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आजवर ती कुणाला सांगितलेली नाही, आणि सांगितली असती तरी ऐकणाऱ्याने तोंडावर हात धरून हसू दाबलं असतं. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी ज्यांना हव्यात त्यांनी वर्तमानपत्र वाचावं. ही ऐकायची ती एवढ्याचसाठी, की पुढे कधी हातात सुई शिरली आणि वर बाटली टांगलेली दिसली, तर त्या बाटलीकडे तुम्ही दुसऱ्यांदा बघाल.

एवढी प्रस्तावना करून सांगणाऱ्याने घसा खाकरला. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती. भाची पलंगावर दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती आणि भाचजावई खाली, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. जेवणानंतर सांगणाऱ्याने एक गोष्ट सांगायची आणि जावयाने तिच्यात खोड्या काढायच्या, हा त्या दोघांचा ठरलेला खेळ.

"आज कुणाची? थेंबमास्तरांचीच ना?" जावई म्हणाला.

"मग काय तुझी सांगू?"

थेंबमास्तर नेमके कोण, हे या घरात विचारायचं नसतं. सांगणाऱ्याने आयुष्यभर रक्ताच्या काचा तपासल्या, थेंबमास्तरांनीही तेच केलं. सांगणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं टोचून टोचून चाळणी झालेली, मास्तरांचीही. याउपर साम्य नाही. मास्तर उंच होते, देखणे होते आणि कशालाच भीत नसत.

काच वाचण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा कुणीतरी पैज लावली म्हणून त्यांनी एका अनोळखी माणसाच्या रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली धरली आणि दोन मिनिटांत सांगितलं, की हा गृहस्थ काल बायकोशी भांडलाय आणि चूक ह्याचीच होती.

"ते कसं कळलं म्हणे?"

"तांबड्या पेशी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या."

जावई खो खो हसला. भाचीही गालात हसली आणि तिने टॉवेल झटकला.

तर मास्तर ज्या कारखान्यात होते तिथे एक औषध बनायचं. ज्यांच्या अंगात रक्त धरत नाही, चार पायऱ्या चढल्या की ज्यांना पाचवीवर बसावं लागतं, अशांसाठी. औषध म्हणजे लोखंडाचे कण. कण म्हणजे किती बारीक? आपल्या डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीत हे कण खांद्याला खांदा लावून उभे करा, तर चार-पाच हजार सहज मावतील. प्रत्येक कणाला वरून साखरेचा पातळ थर. असे अब्जावधी कण पाण्यात कालवून त्याची काळ्या चहाच्या रंगाची बाटली भरायची आणि थेंब थेंब माणसाच्या शिरेत सोडायची.

आता शीर म्हणजे काही रिकामी नळी नव्हे. आत गर्दी असते. तांबड्या पेशी असतात, मधोमध अंगठ्याने दाबलेल्या कणकेच्या गोळीसारख्या. पांढऱ्या असतात, त्या पहारेकरी, जे अनोळखी दिसेल ते गिळायचं एवढंच शिकलेल्या. रक्त गोठवणाऱ्या चिमुकल्या चकत्या असतात, त्यांना तर निमित्तच हवं असतं. अशा घरात तुम्ही एकदम अब्जावधी पाहुणे लोटणार, तेव्हा घरच्यांना ते चालतील की नाही, हे आधी बघायला नको? ते बघणं हे मास्तरांचं काम.

कामाची रीत सोपी होती. धडधाकट माणसाचं ताजं रक्त घ्यायचं. अर्धं एका नळीत, त्यात नव्या घाणीतलं, म्हणजे एका वेळी बनवलेल्या खेपेतलं, औषध घालायचं, बाकीचं दुसऱ्या नळीत नुसतं मिठाच्या पाण्याबरोबर. दोन्ही नळ्या अंगाइतक्या उबेत तासभर ठेवायच्या आणि मग यंत्रात गरगर फिरवायच्या. पेशी तळाला बसतात, वर पाणी राहतं. पाणी फिकट राहिलं तर पेशी शाबूत, घाण पास. पाणी लाल झालं तर पेशी फुटल्या, घाण गटारात. मग एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं, वहीत सही करायची, संपलं.

"कण एवढा बारीक, तर तो मायक्रोस्कोपमधून दिसणार कसा?" जावयाने पाय दुमडून घेतले. त्याला खोडी सापडली होती.

"दिसत नाही. एकटा कण कुणाच्या बापाला दिसत नाही. पण कण खाऊन फुगलेली पेशी दिसते. तुझ्या खिशातून गेलेली नोट तुला दिसते का? पण खिसा दिसतोच की."

"माझा खिसा कुणाला दिसत नाही, सगळं हिच्याकडे असतं."

पण खरी गंमत वेगळीच आहे, सांगणारा म्हणाला. कण रक्तात पडला की उघडा राहत नाही. रक्तातल्या पाण्यात जी प्रथिनं असतात ती धावून येतात आणि त्याच्या अंगावर चढतात, अंगरख्यासारखी. पेशींना कण कधी भेटतच नाही, भेटतो तो अंगरखा. आणि प्रत्येक माणसाच्या रक्तातला शिंपी निराळा. तुझ्या रक्तात तोच कण मऊ सदरा घालून हिंडेल आणि हिच्या रक्तात काट्याचा. हे मास्तरांना माहीत होतं. पुस्तकात छापलेलं होतं, मास्तरांनी त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती. माहीत असणं आणि लक्षात असणं यात मात्र फरक आहे.

कारण नियम म्हणायचा, धडधाकट माणसाचं ताजं रक्त. असा माणूस रोज सकाळी साडेआठला आणायचा कुठून? कुणाला चक्कर यायची, कुणाची बस चुकायची, एक जण तर सुई बघून पायताणं टाकून पळाला. मास्तर वक्तशीर. त्यांना कधी साधी शिंकही येत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि उजव्या हाताने डाव्या हाताचं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वहीत एक रकाना होता, 'रक्त कुणाचं'. तिथे मास्तर आधी आपलं नाव लिहायचे, मग कंटाळून लिहू लागले, 'नेहमीचं'.

नेहमीचं, नेहमीचं, नेहमीचं. चौदा वर्षं.

चौदा वर्षं त्याच माणसाने बाटल्यांची बुचं उघडली. कोरडी भुकटी चिमटीने तोलली, तिचा धुरळा नाकात गेला. शेकडो वेळा बोटाला सुई लागली, औषधाने भरलेली. एक कण आज, दहा उद्या. आले ते पाहुण्यासारखे, चपला बाहेर काढून, आणि हळूहळू घरचे झाले. मास्तरांच्या पेशींना ते दारात दिसले की त्या वर मान करूनसुद्धा बघेनाशा झाल्या. मास्तरांचं रक्त सरावलं होतं.

"आणि मास्तरांना पत्ता नाही," जावई म्हणाला.

"कसा असणार? सगळ्या घाणी पास होत होत्या. सगळं पास होतंय म्हटल्यावर कोण आरशात बघतो?"

त्यांचे साहेब तर खूश. या साहेबांना सगळे हरकतनाही साहेब म्हणत, कारण हा माणूस दुसरं काही बोलतच नसे. छत गळतंय साहेब, हरकत नाही. बाटली घेतल्यावर एका बाईला हुडहुडी भरली साहेब, हरकत नाही, पांघरूण द्या. कुणी कुणी दुसऱ्या बाटलीला यायचेच नाहीत. का आले नाहीत, याची यादी कुणी ठेवत नसे, यादी फक्त आलेल्यांची असायची. गोष्टीच्या आठ महिने आधी साहेबांनी काम लवकर उरकावं म्हणून साखरेचा थर पातळ करायला सांगितला. मास्तरांनी रीतसर तपासलं. त्यांच्या रक्ताने हूं की चूं केलं नाही. सही.

सांगणारा थांबला, त्याने तांब्यातलं पाणी वरून घशात सोडलं.

"आता यात एक बाई येते," तो म्हणाला. "मास्तरांना एक थोरली बहीण होती."

आजवरच्या एकाही गोष्टीत थेंबमास्तरांना बहीण नव्हती. भाचीच्या हातातला सदरा अर्ध्या घडीवर थांबला. सांगणाऱ्याने ते बघितलं की नाही कोण जाणे, गोष्ट रंगात आली की त्याला समोरचं दिसत नसे.

अक्का तिचं नाव, निदान मास्तरांच्या तोंडी. मास्तर सहा वर्षांचे असताना आई गेली. तेव्हापासून चड्डीची नाडी बांधण्यापासून ते नोकरीच्या अर्जावर शाई सांडली म्हणून कानशिलात ठेवून देण्यापर्यंत सगळं अक्काने केलं. आता तिचं रक्त आटत चाललं होतं. ओठ पांढुरके, नखं पांढुरकी. भाजी चिरता चिरता मध्येच विळी बाजूला सारून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "काही नाही रे, जरा थांबलेय." तिला मास्तरांच्याच कारखान्याची बाटली लिहून दिली. कारखान्याच्या आवारात, पलीकडच्या इमारतीत, बारा खुर्च्यांची एक खोली होती. सोमवारी सकाळी दहा वाजता अक्काची सातवी खुर्ची. मास्तरांनीच खटपट करून लावून घेतली होती.

"तुला भीती नाही ना वाटत?" मास्तरांनी विचारलं होतं.

"बाटलीवर तुझी सही असते ना? मग झालं तर."

सोमवारच्या बाटल्या ज्या घाणीतल्या होत्या, तिच्यावर मास्तरांनी शुक्रवारी सही केली. शनिवारी, माल बाहेर काढण्याआधी, तीच तपासणी दुसऱ्यांदा करायची असे. आणि त्या शनिवारी, चौदा वर्षांत पहिल्यांदा, मास्तरांना ताप आला.

तापातलं रक्त चालत नाही, नियम आहे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त काचा धुणाऱ्या मावशी. मोठ्या दगडी कुंडीत कोपरापर्यंत हात घालून नळ्या विसळत होत्या.

"मावशी, हात पुसा आणि इकडे द्या."

"भविष्य बघताय काय?"

"भविष्य नाही. रक्त."

"घ्या की. माझं कुणी इतक्या आदराने कधी मागितलं नव्हतं. पिणारे पुष्कळ भेटले."

मास्तर हसले. रक्त काढलं, नळ्या भरल्या, उबेत ठेवल्या. तास झाला, यंत्र फिरलं, थांबलं. मास्तरांनी झाकण उघडलं.

मिठाच्या पाण्याची नळी फिकट. औषधाची नळी वरपासून खालपर्यंत लाल. डाळिंबाचा रस काढून ठेवावा तशी. तळाला पेशींचा थर म्हणून काही उरलाच नव्हता.

मास्तरांना वाटलं, नळी नीट विसळली नसेल. नवी घेतली. लाल. वाटलं, उबेचा काटा बिघडलाय. काटा ठीक होता. मग त्यांनी मावशींना विचारलं, "तुम्हाला काही आजार?" त्या म्हणाल्या, "चार मजले दोन-दोन बादल्या घेऊन चढते, आजार कधी होणार, उतरताना?" मास्तर फाटकापर्यंत गेले आणि फाटकावरच्या माणसाचं बोट टोचून रक्त आणलं. लाल. शेवटी, नियम गुंडाळून ठेवून, त्यांनी आपलंच तापातलं रक्त घातलं.

फिकट. स्वच्छ, फिकट, नेहमीचं.

तीन नळ्या लाकडी घोडीत शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन लाल आणि एक मास्तरांची. मास्तर त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मावशी म्हणाल्या, "आमच्या दोघांच्या रक्तात खोट निघाली का हो?" दोघांच्या रक्तात काहीच खोट नव्हती. जगातल्या कुणाच्याच नव्हती. खोट होती ती चौदा वर्षांच्या वहीत, प्रत्येक पानावर, एकाच शब्दात.

जावई आता हसत नव्हता. "मग गेले का साहेबांकडे?"

"गेले म्हणजे? धावत."

साहेब घरी जायच्या बेतात होते, डबा पिशवीत टाकत होते. मास्तरांनी सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काचा धुणारी बाई आणि पहारेकरी," ते म्हणाले. "यांची नावं आपल्या रक्तदात्यांच्या यादीत आहेत?"

"नाहीत साहेब."

"म्हणजे ती तपासणी झालीच नाही. शुक्रवारची झाली. तिच्यावर सही आहे. कुणाची?"

"माझी."

"मग हरकत नाही."

"साहेब, माझं रक्त सरावलंय. ते काहीही पास करतं. उद्या शाई घातली तरी पास करेल."

साहेबांनी पिशवी टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांकडे नीट बघितलं. "असं लिहून देता? द्या. पण मग फक्त ही घाण नाही, मास्तर. चौदा वर्षांच्या सगळ्या. दुसऱ्या बाटलीला जे आले नाहीत, त्यांच्या घरी कोण जाणार? मी नाही जाणार. सही माझी नाही." आणि पिशवी उचलून जाता जाता दारातून म्हणाले, "ताप आहे तुम्हाला. झोपा."

रविवारी मास्तर अक्काकडे गेले. खिशात सुई आणि छोटी नळी.

"अक्का, एक थेंब दे."

"का रे? तुझं घरी विसरून आलास?"

"तपासायचंय जरा."

"मला की बाटलीला?"

"बाटलीला."

"मग बाटलीला टोच की मेल्या." पण बोट पुढे केलंच. मास्तरांनी टोचलं. थेंब यायला वेळ लागला आणि आला तो पाणी घातलेल्या सरबतासारखा. अक्काने दुसऱ्या हाताने भावाचं कपाळ चाचपलं. "अंगात कसर आहे तुझ्या. उद्या येशील ना तिथे? मला त्या खोलीत कुणी ओळखीचं नाही."

"येईन."

"नक्की?"

"अगं येईन म्हटलं ना."

किल्ली मास्तरांकडे असायची. रविवारी दुपारी कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी अक्काचा थेंब काचेवर घेतला, त्याच्या कडेला सुईच्या टोकावर मावेल एवढं औषध सोडलं, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला.

इथे सांगणाऱ्याचा आवाज खाली आला. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तोवर तो थांबला.

आधी काही झालं नाही. अक्काच्या तांबड्या पेशी आधीच थोड्या, विरळ, दमलेल्या, प्रवाहात डुलत होत्या. मग कडेकडून त्या एकमेकींना चिकटायला लागल्या. ताटांवर ताटं रचावीत तशा चळती झाल्या. मग चळतीतल्या पेशींच्या गोल कडांना काटे फुटले, धोतऱ्याच्या बोंडासारखे. आणि मग एकेक विझायला लागली. पेशी फुटते तेव्हा आवाज होत नाही. तिच्यातला रंग निघून जातो आणि नुसती कड राहते, पुसलेल्या वर्तुळासारखी. अशा रिकाम्या पेशीला आमच्या धंद्यात, म्हणजे मास्तरांच्या धंद्यात, भूत म्हणतात. दहा मिनिटांत त्या काचेवर भुतांखेरीज काही उरलं नाही. चिमुकल्या चकत्या त्यांच्यामधून गोळा होऊन गुठळ्या बांधत होत्या, वाट अडवल्यासारख्या.

एकच पांढरी पेशी जिवंत होती. ती सरपटत होती आणि वाटेत येईल ते गिळत होती. पोट काळं होत गेलं. पुढे सरकवेना तरी गिळत होती. मग ती थांबली. आणि हे खरं वाटणार नाही, पण ती वळली आणि तिने मायक्रोस्कोपच्या नळीतून वर, सरळ मास्तरांच्या डोळ्यात बघितलं.

"पेशीला कुठले डोळे?" जावई पुटपुटला, पण त्याचाही सूर नेहमीचा नव्हता.

"नसतात. म्हणूनच मास्तर घाबरले."

"मास्तर कशालाच भीत नाहीत ना?"

"तेवढी एक वेळ सोडून."

भाचीने कपडे बाजूला केले होते. ती पलंगाच्या कडेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. खोलीत ऊन सरकून भिंतीच्या निम्म्यावर आलं होतं. क्षणभर असं वाटलं, की सांगणाऱ्याला आपण कुठे येऊन पोचलो याचा आत्ताच पत्ता लागला. त्याने वाट चुकलेल्या माणसासारखं इकडेतिकडे बघितलं. मग खुर्चीत सावरून बसला, आणि आवाज एकदम मोठा झाला, मेळ्यातल्यासारखा.

तर सोमवार! मास्तर उजाडायच्या आधी फाटकावर हजर. फाटकावरचा म्हणतो, कोण? मास्तर म्हणतात, ज्याने तुझं रक्त घेतलं तो. शीतपेटीचं कुलूप किल्लीने उघडेना, तर मास्तरांनी दारच बिजागरीसकट उपसलं आणि काखेत मारलं. बाटल्यांची अख्खी पेटी उचलली, थेट मावशींच्या दगडी कुंडीवर नेली आणि एकेक बाटली फोडून ओतायला लागले. भळाभळा! काळं पाणी मोरीतून घुमत चाललंय, मावशी टाळ्या वाजवताहेत, आणि तेवढ्यात साहेब आले. डबा हातातून पडला, त्यातला भात जमिनीवर. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस ओरडला, "हरकत आहे! हरकत आहे!"

जावयाला हसू फुटलं. कोंडलेला श्वास सुटावा तसं तो हसला. "आणि मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, यादीत आहे का तुमचं नाव? नसेल तर तुम्ही ओरडलाच नाहीत!"

"वा!"

"आजही त्या मोरीच्या नळाला चमचा लावा, चिकटतो. एवढं लोखंड बसलंय आत. आणि दहा वाजता अक्का आली, तर मास्तर दारात उभे, हात पसरून. म्हणाले, घरी चल अक्का, बाटलीला टोचून बघितलं, तिलाच ताप आहे. दोघं रमतगमत चालत घरी गेली. पुढे साध्या गोळ्यांनीच तिचं रक्त भरलं. बावीस वर्षं जगली. दोन डॉक्टर पोचवले तिने. शेवटपर्यंत मास्तरांना म्हणायची..."

"खोटं."

भाची मोठ्याने बोलली नव्हती. जावयाने हसत हसतच मान वळवली. "अगं, गोष्ट आहे ती. मामांच्या गोष्टीत खोटं शोधायचं काम माझं."

"तुम्ही जरा गप्प बसा." तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मामा, आई नऊ दिवस जगली. बावीस वर्षं नाही, नऊ दिवस. लघवी काळी झाली होती तिची, मी भांडं उचलायचे."

सांगणाऱ्याने तांब्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"सातव्या खुर्चीत बसली होती ती. मला आत येऊ देत नव्हते, म्हणून मी बाहेर बाकावर होते, तिच्या चपला मांडीवर घेऊन. नवीन होत्या, कुणी नेईल म्हणून. तुम्ही आला होतात, मामा. दारापर्यंत. मला बघितलंत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुमचा हात तापला होता. आतून आईने विचारलं, माझा भाऊ आलाय का, तो येणार होता. नर्स म्हणाली, ते नाहीत, पण सही आहे त्यांची, हे बघा. आई म्हणाली, मग लावा. तेवढं ऐकलंत तुम्ही आणि जिना उतरून गेलात."

"पोरी..."

"मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, तुम्हाला आईचं दुखणं बघवत नाही." ती उठून उभी राहिली. आवाज अजूनही चढला नव्हता. "तिच्या चितेजवळ तुम्ही ढसाढसा रडत होतात, तेव्हा मी तुमचे डोळे पुसले. सगळे म्हणायचे, ह्याच्या हातून नकळत झालं, ह्याला बोल लावू नका. मी कधीच लावला नाही. तीस वर्षं दर रविवारी तुम्हाला गरम वाढतेय, मामा. मी धरून चालले होते, की तुम्हाला माहीतच नव्हतं."